रापी आणि डाय : चामडे कापण्याच्या विद्येचा इतिहास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आपल्या परंपरागत धंद्याविषयी काही लिहून देण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम मन संकोचले. ज्याने हयातभर शाळेत खडू हाती धरला, त्याने रापीविषयी काय लिहावे? परंतु विचार करता असे वाटले की, आपल्या धंद्याविषयी आजवर जे लिहिले गेले, ते बहुतेक दोन प्रकारचे आहे. एक, आपल्या पूर्वजांनी सोसलेल्या हालअपेष्टांविषयी. आणि दुसरे, त्यांच्या कलेच्या गौरवाविषयी. दोन्ही आवश्यक आहेत. मात्र त्यांच्या हातातील हत्याराचा इतिहास कोणी फारसा सांगितलेला नाही. हत्यार कसे बदलले, ते बदलल्यावर कोणाचे काय गेले व कोणास काय मिळाले, हे समजून घेतल्यावाचून आपल्या धंद्याचा इतिहास पुरा होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे नम्र मत आहे.

चामडे कापण्याच्या विद्येत दोन हत्यारे मुख्य होत : एक रापी आणि दुसरे डाय. रापीचे युग सहस्रावधी वर्षे चालले. डायचे युग जेमतेम पावणेदोनशे वर्षांचे आहे. या दोहोंमधील अंतर हे केवळ लोखंडाच्या आकाराचे अंतर नव्हे.

‘डाय’ म्हणजे काय?

कारखान्यांतून ‘डाय’ हा इंग्रजी शब्द सर्रास ऐकू येतो. पण त्याचे अर्थ इतके भिन्न आहेत की नवशिक्याचा हमखास गोंधळ उडतो. टांकसाळीत डाय म्हणजे नाण्यावर छाप उमटविणारा पोलादी ठसा. पत्र्याच्या कारखान्यात वरून खाली येणाऱ्या भागास ‘पंच’ म्हणतात आणि खालच्या भोक पाडलेल्या भागास ‘डाय’ म्हणतात. त्या दोहोंमध्ये जी बारीक फट ठेवावी लागते, तिला ‘क्लिअरन्स’ हे नाव आहे. कापून पडलेला तुकडा आपणांस हवा असेल तर तो ‘ब्लँक’, आणि तुकडा टाकून देऊन भोकच हवे असेल तर तोच तुकडा ‘स्लग’ ठरतो. नळावर आटे पाडणारे हत्यारही डायच, आणि तार बारीक ओढण्याची भोकांची पट्टी हीही डायच.

आपल्या धंद्यातील डाय मात्र या सर्वांहून निराळी व समजण्यास सोपी आहे. घरी मोठी पोळी लाटून तिच्यावर वाटी दाबून पुऱ्या पाडतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ती वाटी म्हणजेच डाय. तळाचा, पट्ट्याचा अथवा बुटाच्या वरच्या भागाचा जो आकार हवा, त्या आकारात पोलादाची पट्टी वळवावयाची, तिची एक कड धारदार करावयाची, ती चामड्यावर ठेवून वरून दाब द्यावयाचा, की नेमका तेवढा तुकडा कापून निघतो. येथे पंच नाही, खालचे भोक नाही. डाय स्वतःच सुरी आहे. खाली असतो तो केवळ धार झेलणारा ठोकळा.

तथापि पुरीच्या उदाहरणात एक मोठा फरक आहे आणि तो ध्यानात ठेवावा. पुऱ्या पाडून उरलेली कणीक पुन्हा मळता येते. चामडे पुन्हा मळता येत नाही. दोन तुकड्यांमध्ये जे वाया गेले, ते गेलेच. या एका गोष्टीत आपल्या धंद्याचे अर्धे शहाणपण साठविलेले आहे.

रापीचे युग

आपल्या वाडवडिलांच्या बैठकीत हत्यारे ती किती? एक रापी, दोन-तीन आऱ्या, हातोडी, जंबुरा, फर्मे, कातडे ठोकण्याचा दगड, बूट उलटा घालावयाची लोखंडी ऐरण, रापीला धार लावण्याचा दगड आणि चामडे भिजविण्याची पाण्याची कुंडी. एवढ्या सामग्रीवर घर चालत असे. गिऱ्हाईक आले की त्याचे पाऊल कागदावर ठेवून भोवती रेघ ओढावयाची. त्या रेघेवरून तळ कापावयाचा. प्रत्येक जोड हा त्या माणसासाठीच केलेला असे.

रापी चालविणे म्हणजे केवळ हात चालविणे नव्हे. कातडे समोर पसरल्यावर प्रथम डोळे व बोटे चालत. पुठ्ठ्याकडचे चामडे घट्ट व जाड, ते तळाला. खांद्याकडचे त्याहून सैल. पोटाकडचे पातळ व ताणणारे, ते अस्तराला अथवा जेथे जोर येत नाही अशा जागी. कातडे कोणत्या दिशेस ताणते, गोचिडाचे डाग कोठे आहेत, सोलताना सुरीचा घाव कोठे बसला आहे, हे सर्व बोट फिरवून कळत असे. चपलेच्या पट्ट्याची लांबी ताणाच्या दिशेस आली तर ती चप्पल महिनाभरात सैल होणार, हे ज्यास कळते तोच खरा कारागीर. ही विद्या पुस्तकात नव्हती. बापाच्या शेजारी बसून ती मुलाच्या हातात उतरत असे.

आणि मुख्य गोष्ट ही की, रापी कारागिराची स्वतःची होती. गावाने त्याला वेशीबाहेर ठेवले, बलुत्यात त्याच्या वाट्यास अपमानही घातला. परंतु रापी त्याच्या हातून कोणी काढून घेऊ शकले नाही. कारण रापीत जी किंमत होती ती लोखंडाची नव्हती, हाताची होती.

विलायतेतील ‘क्लिकर’

हीच स्थिती थोड्याफार फरकाने विलायतेतही होती. इंग्लंडात नॉर्दम्प्टन हे शहर पादत्राणांसाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. तेथे बुटाचा वरचा भाग कापणाऱ्या कारागिरास ‘क्लिकर’ म्हणत. पितळी कड बसविलेला पुठ्ठ्याचा नमुना चामड्यावर ठेवून त्याच्या कडेने तो सुरी फिरवी, आणि सुरीचे पाते चामड्यातून बाहेर पडताना जो ‘क्लिक’ असा आवाज होई, त्यावरून हे नाव पडले असे मानतात. कारखान्यात क्लिकरचा मान मोठा असे. कारण महाग चामड्याचा नफा-तोटा त्याच्या सुरीवर अवलंबून होता. आजही यंत्रावर चामडे कापणाऱ्यास क्लिकर व त्या यंत्रास ‘क्लिकिंग प्रेस’ म्हणतात. सुरी गेली तरी तिचा आवाज नावात राहिला आहे.

यंत्राचा शिरकाव प्रथम सैन्याच्या गरजेतून झाला. नेपोलियनशी युद्ध चालू असता मार्क ब्रुनेल या नामांकित अभियंत्याने १८१० साली बुटांना खिळ्यांनी तळ बसविण्याच्या यंत्रांचे पेटंट घेतले आणि लंडनजवळ बॅटर्सी येथे सैनिकी बुटांचा कारखाना चालविला. त्यात युद्धात जायबंदी झालेले शिपाई कामास लावले होते. ज्यांनी जन्मात आरी धरली नव्हती, ते बूट करू लागले. १८१५ साली युद्ध संपले, मागणी आटली आणि कारखाना बुडाला; पण कारागिराचे कसब हत्यारात भरता येते व मग ते हत्यार कोणाच्याही हाती देता येते, एवढी गोष्ट सिद्ध झाली.

हे बीज पुढे अमेरिकेत फोफावले. मॅसॅच्युसेट्स प्रांतातील लिन हे गाव तेथील चर्मकारांचे माहेरघर होय. १८४६ साली एलायस हो याने शिवणयंत्राचे पेटंट घेतले. १८५८ साली लायमन ब्लेक याने तळ शिवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. आणि १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात लक्षावधी सैनिकांना बूट पुरविण्याची निकड निर्माण झाली. शिवण यंत्रावर जलद होऊ लागली, तेव्हा कापणी हाताने पुरेना. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास डायने तळ कापण्याची पद्धत रूढ झाली ती या ओघात.

प्रथम तळच का? याचे कारण धंद्यातील माणसास सहज उमगेल. तळाचे चामडे जाड. ते सुरीने कापण्यास मनगटाची शिकस्त होते, आणि शेकडो तळ एकाच आकाराचे लागतात. वरचे चामडे पातळ व किमती. त्यात निवड फार, म्हणून तेथे हातसुरी आणखी पुष्कळ वर्षे टिकली. इंग्लंडातील कारखान्यांत तळ कापण्याची जागा ‘प्रेस रूम’ व वरचे भाग कापण्याची ‘क्लिकिंग रूम’ अशी निरनिराळी राहिली, तिचे मूळ या भेदात आहे.

डायची घडण व तिची परिभाषा

आरंभीची डाय लोहाराने भट्टीत घडविलेली असे. तिला वर दांडा असे व त्यावर लाकडी मोगरीने घाव घालून चामडे कापीत. पुढे दांडा गेला व दाब देणारे यंत्र आले. आजच्या डायची घडण थोडक्यात अशी :

पट्टी : विशिष्ट पोलादाची, सामान्यतः १९ किंवा ३२ मिलिमीटर उंचीची. ती आकारात वळवून टोके जोडतात.

धारेचा उतार : यास ‘बेव्हल’ म्हणतात. उतार बाहेरच्या बाजूस व आतली बाजू सरळ असेल, तर कापलेल्या तुकड्याची कड काटकोनात येते. उतार आत असेल तर तुकड्याची कड तिरपी होते व तो शेजारच्या तुकड्याशी नीट जुळत नाही.

एकधारी व दुधारी डाय : एकाच कडेस धार असली तर एकधारी. खाली-वर दोन्ही कडांस धार असली तर दुधारी. दुधारीचा उपयोग मोठा आहे. डाव्या व उजव्या पायाचे तुकडे एकमेकांच्या आरशातील प्रतिमेसारखे असतात. चामडे केसाकडची बाजू वर ठेवूनच कापावे लागते, कारण डाग त्या बाजूस दिसतात. म्हणून चामडे उलटे करता येत नाही. अशा वेळी दुधारी डायच उलटी केली की उजव्याचा डावा होतो. एका डायमध्ये दोघींचे काम भागते.

खाच : धारेत एक, दोन, तीन अशा बारीक खाचा ठेवतात. त्या तुकड्याच्या कडेवर उमटतात व कोणता तुकडा कोणत्या मापाचा, हे शिवणाऱ्यास न वाचता कळते. ज्यास अक्षरओळख नाही त्यासही वाचता येईल अशी ही लिपी आहे.

टोचण्या : डायच्या आत बसविलेल्या टोकदार खुणा. पट्टा कोठे जोडावयाचा, दुमड कोठे घालावयाची, हे त्यामुळे चामड्यावर आपोआप उमटते.

ठोकळा : डायची धार जेथे उतरते ते आसन. पूर्वी हा लाकडाचा असे आणि त्यात लाकडाचे तंतू उभे ठेवीत. उभ्या तंतूंमध्ये धार शिरते व ती निघाल्यावर तंतू पुन्हा मिटतात. आडव्या तंतूंवर मात्र ठोकळाही फाटतो व धारही जाते. आता नायलॉनसारख्या पदार्थांचे पाट वापरतात. पाट एकाच जागी झिजू नये म्हणून तो फिरवीत व घाशीत राहावे लागते.

प्रेस : हल्लीच्या प्रेसला फिरता हात असतो. कारागीर तो हात डायवर आणतो, आणि तेलाच्या दाबाने वीस-पंचवीस टनांचा भार क्षणभर खाली उतरतो. बोटे सुरक्षित राहावीत म्हणून दोन हातांनी दोन कळा एकदम दाबल्यावाचून यंत्र चालू नये, अशी योजना केलेली असते. काम जलद व्हावे म्हणून यातील एक कळ बांधून ठेवण्याची खोड काही ठिकाणी आढळते. अशा खोडीपायी बोटे गमावलेली माणसे आपल्या समाजात आहेत. त्यांच्याकडे पाहून तरी तरुणांनी ही चूक करू नये.

आता प्रश्न असा की, डाय आल्याने कारागिराचे कसब संपले काय? अर्धे संपले, अर्धे उरले. रेघेवरून सुरी फिरविण्याचे कसब गेले. परंतु डाय कोठे ठेवावी, हे अद्याप माणसासच ठरवावे लागते. पुढचा भाग पुठ्ठ्याच्या उत्तम चामड्यातून, जीभ पोटाकडून. ताण कोणत्या दिशेस. एका तुकड्याच्या पोकळीत दुसऱ्याचे टोक कसे बसवावे. डाग कोणत्या तुकड्यात दुमडीखाली लपेल. हे सर्व जुन्या रापीवाल्याचेच ज्ञान होय. एकच कातडे दोघांना दिले तर एक त्यातून अधिक जोड काढतो व दुसरा कमी. डाय दोघांची एकच असते. डोळे निरनिराळे असतात.

हत्याराचा धनी कोण?

येथून लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. हिशेब मांडून पाहा. एका बुटाच्या वरच्या भागाचे समजा ८ तुकडे आहेत आणि तो बूट ७ मापांत करावयाचा आहे. दुधारी डाय वापरल्या तरी ८ गुणिले ७, म्हणजे ५६ डाय लागतील. एकधारी घेतल्या तर ११२. आणि हे फक्त एका नमुन्याचे झाले. पुढील हंगामात नमुना बदलला की बहुतेक डाय अडगळीत पडतात. रापी एक होती व ती सर्व मापांना, सर्व नमुन्यांना पुरत होती. जो कारागीर एक रापी घेऊन स्वतंत्र होता, त्याने एवढे भांडवल कोठून आणावे? अर्थातच डाय भांडवलवाल्याची झाली.

अमेरिकेत हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. यान मॅट्झेलिगर हा दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम येथे जन्मलेला, आफ्रिकी वंशाच्या मातेचा पुत्र लिन गावी बुटाच्या कारखान्यात कामास लागला. गोऱ्या लोकांच्या त्या गावात त्याने उपेक्षा सोसली, रात्री जागून अभ्यास केला आणि १८८३ साली फर्म्यावर चामडे ताणून बसविण्याच्या यंत्राचे पेटंट मिळविले. धंद्यातील अत्यंत अवघड मानलेले काम त्याने यंत्राकडून करविले. पण भांडवल नसल्याने आपल्या शोधाचा मोठा भाग त्याला भागीदारांच्या हवाली करावा लागला, आणि १८८९ साली, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, तो क्षयाने वारला. पुढे १८९९ साली मोठमोठ्या यंत्रकंपन्या एकत्र येऊन ‘युनायटेड शू मशिनरी’ ही बलाढ्य कंपनी झाली. तिची रीत अशी की, मुख्य यंत्रे विकावयाचीच नाहीत, केवळ भाड्याने द्यावयाची. बूट करणारे कारखानदारसुद्धा आपल्या कारखान्यातील यंत्रांचे धनी नव्हते. अखेर १९५३ साली तेथील न्यायालयाने ही मक्तेदारी बेकायदेशीर ठरविली. जेथे कारखानदाराची ही गत, तेथे कारागिराची काय कथा!

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. माझे थोरले बंधू मुंबईस एका लहान कारखान्यात क्लिकरचे काम करीत. नगावर मजुरी असे. त्यांच्या हाताखाली कातडे वाया जात नाही, अशी त्यांची ख्याती होती. डाय मात्र ज्या व्यापाऱ्याचा माल होता त्याच्या मालकीच्या होत्या. एके दिवशी दराविषयी बोलाचाली झाली. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा हमाल टेंपो घेऊन आला आणि सर्व डाय पोत्यांत भरून दुसऱ्या कारखान्यास घेऊन गेला. प्रेस तेथेच राहिली, माणसे तेथेच राहिली, पण काम गेले. बंधू गावी आल्यावर वडिलांनी एवढेच विचारले, “तुझी रापी कुठं आहे?” बंधूंजवळ उत्तर नव्हते. मी त्या वेळी शाळेत शिकत होतो. प्रश्न तेव्हा मला कळला नाही. पुष्कळ वर्षांनी कळला.

डायची दुसरी शाखा

डाय चामड्यापुरतीच राहिली नाही, हेही तरुणांनी ध्यानी घ्यावे. १८७९ साली न्यूयॉर्कजवळील ब्रुकलिन येथे रॉबर्ट गेअर नावाच्या कागदी पिशव्यांच्या कारखानदाराच्या छपाईयंत्रात एक धातूची पट्टी चुकून वर सरकली आणि पिशव्यांवर घडी पडण्याऐवजी त्या कापल्या गेल्या. नुकसान तर झालेच. पण गेअरने त्यातून हे हेरले की, उंच पट्टीने कापणे व ठेंगण्या पट्टीने घडी पाडणे ही दोन्ही कामे एकाच दाबात होतील. त्यातून घडीचा पुठ्ठ्याचा खोका जन्मास आला. औषधांपासून बिस्किटांपर्यंत ज्या खोक्यांतून माल येतो, ती सर्व या चुकीची संतती होय.

या शाखेत फळीमध्ये चिरा पाडून त्यांत पातळ पोलादी पट्ट्या उभ्या बसवितात. कापणाऱ्या पट्टीची ठरलेली उंची सुमारे २३.८ मिलिमीटर असते. घडी पाडणारी तीहून किंचित ठेंगणी व बोथट असते. पट्टीच्या दोन्ही अंगांस रबर चिकटवितात. ते दाबले जाते व सुटताना कापलेला कागद धारेवरून लोटून देते. धारेत मुद्दाम सूक्ष्म खंड ठेवतात, त्याला ‘निक’ म्हणतात. त्यामुळे तुकडे सुटे न होता ताव अखंड पुढे सरकतो. पूर्वी फळी करवतीने कोरीत. १९७० च्या दशकापासून ती लेसर किरणांनी कोरू लागले. आपल्या समाजातील जी मुले आज छापखान्यांत व खोक्यांच्या कारखान्यांत आहेत, त्यांनी आपण परक्या धंद्यात गेलो असे समजू नये. ती रापीच्याच घराण्यात आहेत.

आपल्याकडील स्थिती

हिंदुस्थानात यंत्रावरील चर्मकाम प्रथम सैन्यासाठीच सुरू झाले. कानपूर येथे १८५७ नंतर सरकारी खोगीर कारखाना निघाला व पुढे खाजगी बुटांचे कारखाने निघाले. १९३४ साली कलकत्त्याजवळ बाटानगर वसले. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धारावीत कातडी कमावण्याचा धंदा स्थिरावला, आणि त्याच्या आश्रयाने पट्टे, पाकिटे, पिशव्या करणारी लहान लहान दुकाने वाढली.

कोल्हापुरी चप्पल मात्र दीर्घकाळ रापीशी एकनिष्ठ राहिली. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले चामडे, तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले, खिळा नाही. पुरुषांनी कापावे, ठोकावे आणि स्त्रियांनी वेणी गुंफावी व शिवावे. घरातील स्त्रीच्या हातावाचून कोल्हापुरी पुरी होत नाही, हे येथे मुद्दाम नमूद करतो. कारण गौरवाच्या लेखांत तिचा उल्लेख क्वचितच असतो. बाजारात जी स्वस्त नक्कल आली, ती डायने कापलेल्या कृत्रिम तळांची. दिसावयास तीच, चालावयास निराळी.

२०१९ साली महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे यांना मिळून कोल्हापुरी चपलेची भौगोलिक मानांकन नोंदणी मिळाली. तरीही जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या धनाढ्य पेढीने आपल्या प्रदर्शनात तशाच चपला मांडल्या, आणि त्यांचे मूळ कोठले हे आरंभी सांगितले नाही. ओरड झाल्यावर तिने भारतीय कारागिरांचे ऋण मान्य केले. हा प्रसंग आपणांस एकच गोष्ट शिकवितो. पूर्वी हत्याराचा धनी तो धंद्याचा धनी होता. आज नमुन्याचा धनी तो धंद्याचा धनी आहे.

कारण डायचेही युग आता उतरणीस लागले आहे. संगणकाच्या आज्ञेने चालणारी सुरी कोणत्याही डायवाचून चामडे कापते. छायाचित्रावरून डाग टाळते, तुकडे जुळवून मांडते. नवल असे की, त्या यंत्रात पुन्हा सुरीच आली आहे. रेघेवरून पाते फिरते, जसे वडिलांच्या हातात फिरत होते. फरक एवढाच की, रेघ आता संगणकात आहे व ती ज्याने काढली त्याच्या मालकीची आहे.

समाजापुढे तीन सूचना

लेखाचा शेवट करताना तीन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली ही की, आपल्या मंडळाने धंद्यातील शब्दांचा संग्रह करावा. रापी, आरी, वादी, फर्मा यांच्या जोडीस बेव्हल, निक, क्लिअरन्स हे नवे शब्दही त्यात अर्थासह असावेत. गावोगाव वृद्ध कारागीर अद्याप हयात आहेत. त्यांच्याबरोबर शब्द गेले की ते परत येणार नाहीत. ज्या धंद्याचे शब्द आपल्या तोंडी नाहीत, तो धंदा आपल्या हाती राहत नाही.

दुसरी सूचना ही की, धंद्यात राहू इच्छिणाऱ्या मुलामुलींना केवळ शिवण व ठोकणी न शिकविता नमुना आखणे, डाय करणे व संगणकावर रेघ काढणे या शिक्षणास पाठवावे. ज्यांना धंदा सोडावयाचा आहे त्यांनी खुशाल सोडावा. मीही तो सोडून शिक्षक झालो आणि त्याचा मला खेद नाही. परंतु जो राहील त्याने मजूर म्हणून राहू नये.

तिसरी सूचना सहकाराची आहे. एका घरास ५६ डाय घेणे शक्य नाही. दहा घरांस आहे. जेथे आपली वस्ती आहे तेथे सामाईक डाय, सामाईक प्रेस व सामाईक नमुने ठेवणारी लहानशी सहकारी संस्था काढता येईल. मग कोणा व्यापाऱ्याचा टेंपो दारी येऊन आपले काम पोत्यात भरून नेऊ शकणार नाही.

वडिलांची रापी आज माझ्याकडे आहे. धार लावून लावून तिचे पाते निम्मे उरले आहे आणि मूठ त्यांच्या तळहाताच्या आकाराने झिजली आहे. मी ती कधी चालविली नाही. माझा नातू तंत्रशाळेत शिकतो. त्याने मला एकदा विचारले, “आजोबा, ही कशाची डाय आहे?” त्याच्या प्रश्नाला उत्तर देता देता हा लेख झाला.